मास्तरांच्या मोरीतून आलेली घूस

घर विकताना मास्तरांनी घुशीबद्दल मला एक अक्षर सांगितलं नाही. ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

मास्तर ख्रिस्ती, पारनेरात शाळेवर होते. वडिलांचं घर त्यांना मोठं पडत होतं, म्हणून अर्धं विकायला काढलं. मी खांद्यावर दोन घोंगड्या टाकून गावोगाव पायी हिंडण्यापासून धंदा सुरू केलेला माणूस. फसायचं नाही एवढंच मला ठाऊक. आठ दिवस घासाघीस केली. तुळया ठोकून पाहिल्या, दारांची कीड पाहिली, धाब्यावर चढून माती उकरली. शेवटी मास्तर कंटाळले आणि मी म्हणेन त्या किमतीला कबूल झाले. मधली भिंत दोघांची राहिली.

ती लढाईची वर्षं. कापड रेशनवर गेलं होतं, त्यामुळे घोंगडीला कधी नव्हे ती मागणी आली होती. माझं सगळं भांडवल मागल्या खोलीत गठ्ठे बांधून भिंतीशी रचलेलं. थंडी तोंडावर होती आणि दोन दिवसांनी शेवगावचा बाजार. सकाळी माल मोजून घ्यावा म्हणून पहिला गठ्ठा सोडला, तर वरची घोंगडी धड आणि खालच्या सगळ्या कुरतडलेल्या. दुसराही तसाच, तिसराही. काठ गेलेले, मधोमध मूठ जाईल अशी भोकं. भिंतीच्या पायाशी ताज्या मातीचा ढीग.

घूस दार फोडून येत नाही. घर बांधताना आपणच वाटा ठेवतो. धुरासाठी धाब्याला साणं, मांजरासाठी दाराखाली फट, पाण्यासाठी मोरीला भोक. ही मास्तरांच्या मोरीच्या भोकातून शिरली होती. जुन्या भिंती बाहेरून दगडाच्या आणि पोटात नुसती माती. मोरीच्या ओलीने ती माती मऊ पडलेली. तिथून पोखरत तिने माझ्या खोलीत तोंड काढलं होतं.

मास्तर ओट्यावर दाढी करत बसले होते. मी तसाच त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"मास्तर, तुमच्या घुशीने माझा माल खाल्ला."

"माझी कशी, शेठ? मी काही पाळलेली नाही."

"घर विकताना माहीत होतं ना?"

"होतं."

"मग तोंड का उघडलं नाहीत?"

"तुम्ही तुळया मोजल्यात, दारं ठोकलीत. आणखी कोण राहतं हे विचारलं नाहीत. म्हटलं, सांगावं तर तिचेही पैसे वजा कराल."

केलेच असते. म्हणून डोकं जास्त फिरलं. मी आवाज चढवला, गल्लीतली माणसं जमली. मास्तरांनी गालाचा साबण पुसला आणि म्हणाले, "माझ्या घरात बाजरीचं पोतं आहे. ते ओलांडून ती तुमच्याकडे जाते. का जाते, ते तिला विचारा."

दुपारी सणगराची म्हातारी आली. तिचा मुलगा माझ्यासाठी घोंगड्या विणायचा आणि ती त्यांना खळ लावायची. खळ म्हणजे चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली चिकट लापशी. ती लावून वाळवली की मऊ घोंगडी ताठ होते. बाजारात गिऱ्हाईक घोंगडी उभी धरतं. उभी राहिली तर नवी, वाकली तर वापरलेली. म्हणून मी दोन वर्षं तिच्या मागे लागून खळ दाट करून घेतली होती.

तिने कुरतडलेली घोंगडी उचलली, हुंगली, काठाला जीभ लावली.

"लोकर कोन खातंय, शेट? ती खळ खाती. आमी खळीचं घोंगडं भुईवर ठेवत न्हाई, वलनीवर टाकतो. तुमी तर भिताडाशी ताट वाढून ठेवलंय."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं, म्हातारे?"

"सांगाय गेलं की तुमी म्हनता, भाव वाढवाय आली."

मी तिलाही फैलावर घेतलं. पण बाजार टाळून चालणार नव्हतं. नवा माल तिच्याकडे बिनखळीचा होता. म्हटलं, पातळ लाव, नावापुरती. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवल्या आणि पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने धक्के खात शेवगावला नेल्या.

पहिल्याच गिऱ्हाइकाने घोंगडी उभी धरली. ती त्याच्या मनगटावर लोळली.

"शेट, ही कुनाच्या अंगावरची हाय?"

"नवी आहे. मागावरून उतरून चार दिवस झाले नाहीत."

"मग लई दमलेली दिसती."

भोवतालचे हसले. मी लोकर उपसून दाखवली, वीण दाखवली, घसा बसेस्तोवर भांडलो. ज्यांना लोकरीतलं काही कळत नाही ते चिंचोक्याला किंमत देतात आणि शहाणे म्हणून मिरवतात. संध्याकाळी जवळजवळ सगळा माल परत बांधला.

पारनेरला उतरल्यावर म्हातारीने गाठून विचारलं, "आता खळ कशी लावू?"

"दाट."

"अन् घूस?"

 तुळयांना दोर बांधून सगळा माल वर टांगला. मग दगड आणि चुना घेऊन मास्तरांच्या दारात गेलो. बीळ त्यांच्या बाजूने बुजवल्याशिवाय उपयोग नव्हता आणि ते त्यांच्यावर सोपवायची माझी तयारी नव्हती. त्यांच्या मोरीत गुडघे टेकून, हात खांद्यापर्यंत आत घालून मी दगड ठोकत बसलो. मास्तर दारात आले.

"चहा ठेवू का, शेठ?"

"नको," म्हणालो आणि पुढचा दगड मागितला.