बशीच्या काठावरची साय

कसब्यात राहणाऱ्या एका निवृत्त मास्तराने मला फसवलं, आणि त्या कामात त्याला माझ्याच घरातल्या माणसाने मदत केली. फसवण्यासाठी त्यांना कागद लागला नाही की साक्षीदार. एक कप चहा पुरला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात हा विषय निघाला की हसण्यावारी नेण्याची पद्धत पडली आहे. मला त्यात हसण्यासारखं कधीच काही दिसलं नाही.

विजेच्या जुन्या मोटारी, पंखे, पंप विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा माझा धंदा. बुधवार पेठेत एका इमारतीच्या जिन्याखाली माझी बसायची जागा होती. उठताना मान वाकवली नाही तर डोकं पायरीच्या पोटाला लागायचं. वर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांची माती माझ्या मालावर पडायची. तिथून मी वर आलो तो कुणाच्या ओळखीने नाही. मला भाव करता येतो, म्हणून आलो.

आणि भाव करायला मी चहा पिणाऱ्यांकडे बघून शिकलो. बोलताना माणूस सावध असतो, चहा पिताना नसतो. गिऱ्हाईक आलं की मी आधी चहा मागवायचो आणि मग गप्प बसायचो. बशीत ओतून फुर्रकन पिणाऱ्याला घाई असते. त्याला माल आजच हवा असतो, त्याला एक पैसा सोडायचा नाही. कपाचा कान धरून घोट घोट पिणारा चार दुकानं फिरून आलेला असतो आणि अजून चार फिरणार असतो. ‘साखर जरा कमीच टाका हं’ असं आधीच सांगणारा मालातही खोट काढतो. आणि ‘चहा नको’ म्हणणारा हमखास घेणारा. त्याला मिंधं व्हायचं नसतं. अशा माणसाला मी कधी उठू दिलं नाही.

माझा स्वतःचा नियम वेगळा होता. समोर चहा आला की हात लावायचा नाही. वाफ जाऊ द्यायची, वर साय धरू द्यायची. समोरच्याला ते सहन होत नाही. तो चुळबुळ करतो, म्हणतो, “अहो शेठ, घ्या ना, निवतोय.”

“निवू द्या,” मी म्हणायचो, “तुमचा भाव अजून गरम आहे.”

या एका वाक्यावर मी किती माल उचलला असेल! बाजारात लोक ते वाक्य माझ्या मागे एकमेकांना म्हणून दाखवायचे. मला त्याचा राग नव्हता. धंद्यात लोकांनी आपल्याला वचकून असावं.

सायीचं सांगायला हवं. माझ्या लहानपणी आमचं गाव शहराबाहेर होतं. घरी गुळाचा कोरा चहा. दूध यायचं ते पाहुणा आला तरच, तेही शेजारून मागून. पाहुण्याच्या कपावर साय धरायची आणि आम्ही भावंडं दाराशी उभे राहून बघायचो, की हा साय गिळतो की बोटाने काढून बशीच्या काठाला लावतो. काठाला लावली तर ती आमची. गिळणारे पाहुणे मला आजही चेहऱ्यासकट आठवतात.

पुढे स्वतःचं घर झालं, म्हशीचं दूध येऊ लागलं, आणि बायको मला हवा तसा चहा करू लागली. पाणी नावाला. आलं ठेचून नाही, किसून. साखर सगळ्यात शेवटी, आणि उतरवताना जायफळाचे दोन वेढे सहाणेवर उगाळून. वेलदोडा आमच्या घरात चहात कधी पडला नाही. मला त्याचा वास मिठाईच्या दुकानासारखा वाटतो. हा चहा जरा ठेवला की वर जाड साय येते.

आता गाळ्याचं. माझ्या जिन्याच्या अगदी समोर, रस्त्याच्या तोंडावर, एक गाळा होता. त्यात घड्याळवाला होता, तो सोडून गेला. गाळा त्या मास्तरांच्या मालकीचा. त्यांना विकायचा होता. जिन्याखाली वाकून बसलेल्या माणसाला समोरचा उघडा गाळा कसा दिसतो, ते ज्याने मान वाकवली नाही त्याला कळणार नाही. मला तो गाळा हवा होता. पण हवा आहे हे दाखवलं की भाव गेला.

म्हणून मी कसब्यात त्यांच्याकडे जायला लागलो आणि दर वेळी गाळ्यात खोट काढायला लागलो. ओल आहे. दरवाजा अरुंद आहे. समोर पाणी साठतं. मास्तर एकटे राहायचे, चहा स्वतः करायचे. दार उघडलं की विचारायचे, “चहा घेणार, की नुसतीच ओल सांगायला आलात?” आणि मग तो चहा यायचा. गवती चहा घालून उकळलेलं पिवळं पाणी, त्यात वरून चमचाभर दूध, अर्धा कप. त्यावर साय धरणं शक्यच नव्हतं. मी हात न लावता बसायचो. मास्तर स्वतःचा चहा संपवायचे, मग माझाही उचलून प्यायचे आणि म्हणायचे, “वाया कशाला घालवायचा?”

माझ्या आयुष्यात माझ्या नियमाला तोड काढणारा हा पहिला माणूस. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

गणपती झाले, दिवाळी झाली, मास्तर किमतीवरून हलेनात. मीही हलेना. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, खडकीच्या कारखान्यात नोकरीला. दर रविवारी आमच्याकडे यायचा. तो म्हणायचा, “दाजी, घेऊन टाका. पुस्तकवाला टपून बसलाय.” आमच्याच बोळात शाळेची जुनी पुस्तकं विकणारा एकजण होता, त्याचीही त्या गाळ्यावर नजर होती, हे खरं. पण मेहुण्याला त्याची एवढी माहिती कशी, असा प्रश्न मला पडला. मी त्याला म्हणालो, “तू पगारी माणूस. तुला महिन्याला ठरलेलं मिळतं. भावातलं तुला काय कळतं?” बायको आतून म्हणाली, “तुम्ही ओल सांगत बसा, आणि पुस्तकवाला त्या ओलीवर फळी ठोकेल.”

संक्रांतीनंतर मी पुन्हा कसब्यात गेलो. या वेळी मास्तरांनी चहाचं विचारलं नाही. “बसा,” म्हणाले आणि आत गेले. बऱ्याच वेळाने कप आणला. भरलेला. दाट, विटकरी रंगाचा, आल्याच्या वासाचा. मी कपाकडे पाहिलं आणि मास्तरांकडे पाहिलं. चमचाभर दुधावर महिना काढणारा माणूस हा. सरकारी केंद्रावरची दुधाची बाटली माझ्यासाठी ओतली? माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मूर्खासारखं मला वाटलं, की मास्तर नरमले. आता खाली येणार.

मास्तर गाळ्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. शाळेतल्या गोष्टी सांगत राहिले. मध्येच म्हणाले, “घड्याळवाला आतली फळी तशीच ठेवून गेलाय. सागाची आहे. तुमच्या मोटारी तिच्यावर ओळीने राहतील.” मला डोळ्यांसमोर ओळीने लावलेल्या मोटारी दिसल्या. ताठ उभा राहिलेला मी दिसलो. आणि पुढचं मला कळलंही नाही. मी बोटाने साय उचलली आणि खाल्ली.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “ठरलं तर मग,” म्हणाले. “किंमत पहिल्या दिवशी सांगितली तीच.”

“कुणी ठरवलं? मी होय म्हटलेलं नाही!”

“तोंडाने म्हटलं नाहीत, एवढंच.”

मला इतका संताप आला, की मी कप आपटला आणि उठलो. तणतणत जिना उतरलो. खालच्या वळणावर पुस्तकवाला वर येत होता. अंगात धुतलेला शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. मला बघून म्हणाला, “काय शेठ, जमलं नाही वाटतं?” मी तसाच वळलो, त्याच्या पुढे दोन दोन पायऱ्या चढलो आणि दारातूनच ओरडलो, “मास्तर, घेतला!”

आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेल्या किमतीला वस्तू घेतली. एक पैसा कमी झाला नाही.

खरेदीखताच्या दिवशी कचेरीबाहेरच्या बाकावर मास्तर आणि मी बसलो होतो. मी सरळ म्हणालो, “मास्तर, त्या दिवशीचा चहा तुमचा नव्हता.”

“नव्हता,” ते म्हणाले. “तुमच्या घरचा होता. कृती विचारून घेतली होती. जायफळ तेवढं उसनं आणावं लागलं.”

“कुणाकडून विचारली?”

“अहो, घरी चहा पिताना सौद्याची गोष्ट निघाली, की मनातून नको असलेल्या सौद्यात तुम्ही साय बशीच्या काठाला लावता, आणि मनातून हव्या असलेल्या सौद्यात खाता. तुम्हालाच माहीत नाही, हे नवल. मी तर समजलो होतो, तुम्ही नुसता वेळ काढताय. पुस्तकवाल्याला शब्द देणार होतो. तुमच्या घरचं माणूस आलं, म्हणालं, त्यांना गाळा खरंच हवाय, विश्वास नसेल तर असा चहा करा आणि बघा.”

“पण कोण?”

“ते सांगायचं नाही, असं ठरलंय,” मास्तर म्हणाले आणि शिपायाने हाक मारली म्हणून उठले. काही वर्षांनी ते गेले. उत्तर सोबत घेऊन गेले.

मी मेहुण्याला धरलं. दुसरं कोण? पुस्तकवाल्याची बातमी त्याच्याकडे होती, रविवारचा चहा तो माझ्या समोर बसून प्यायचा. मी त्याला तोंडावर म्हणालो, “तू माझा भाव फोडलास.”

“दाजी, शप्पथ,” तो म्हणाला, “मी तुमच्या कपात कशाला बघू? मी माझ्या कपात बघतो.”

मी विश्वास ठेवला नाही. पुढची कित्येक वर्षं मी त्याच्याशी कामापुरतं बोललो. त्याच्या क्वार्टर्समधल्या सत्यनारायणाला गेलो नाही. तो आला की मी दुकानात जाऊन बसायचो, त्याच गाळ्यात, ताठ. बायकोला सांगितलं, की माझा चहा गाळून झाल्यावर पुन्हा एकदा फडक्यातून गाळायचा. साय कपावर दिसता कामा नये. ती म्हणायची, “गाळा मिळाला ना तुम्हाला? मग?” गाळा मिळाला हे खरं. त्यावर घर चाललं, मुलांची शिक्षणं झाली. पण मिळाला कसा, हा प्रश्न त्याने मिटत नाही. माझ्या मनातली गोष्ट माझ्या आधी दुसऱ्याच्या हातात जावी आणि मी त्यातच सुख मानावं?

आता मेहुणाही निवृत्त झाला आहे. गेल्या रविवारी तो आला आणि या वेळी मी उठून गेलो नाही. गुडघे दुखतात. बायकोने तिघांसाठी चहा आणला. मेहुण्याने घोट घेतला आणि म्हणाला, “ताई, आज वेलदोडा जरा जास्त झाला गं.”

मी कप खाली ठेवला. “कसला वेलदोडा?”

“हाच. ताईच्या चहात असतो तो. इतकी वर्षं पितोय, मला कळत नाही का?”

ज्याला इतक्या वर्षांत जायफळ आणि वेलदोडा ओळखता आला नाही, तो मास्तरांना जायफळ उगाळायला कसं सांगेल? मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “कुकरची शिट्टी झाली वाटतं,” आणि आत गेली. कुकर लावलेलाच नव्हता. तो ओट्याखाली पालथा पडलेला मला बसल्या जागेवरून दिसत होता.

तेव्हापासून मी तिला विचारतो आहे आणि ती हसते आहे. म्हणून आता लिहून विचारतो. कसब्यात मास्तरांच्या दारात कोण गेलं होतं? माझी साय कुणी सांगितली? पुस्तकवाल्याला शब्द जाणार होता, गाळा हातचा जाणार होता, हे मला माहीत आहे. ते कारण मला देऊ नकोस. मला न विचारता माझ्या वतीने सौदा कुणी केला, ते सांग. तुझ्या भावाला मी उगाच इतकी वर्षं तोडून ठेवलं, तेव्हा तू शेजारी बसून गप्प का राहिलीस, तेही सांग. आणि सांगताना समोर चहा आणून ठेवू नकोस. आधी उत्तर दे, मग गॅस पेटव.