नाथाच्या मॉरिसचा मूळ रंग

ठाण्याच्या खाडीलगतच्या कोळीवाड्यात नाथाचा संशयी स्वभाव लहानथोर सगळ्यांना ठाऊक होता. देवळात जाताना तो एक चप्पल या कोपऱ्यात काढायचा, दुसरी त्या कोपऱ्यात. बायको मंजुळा म्हणायची, "ह्यांना सरगात नेलं तरी आधी दाराची कडी तपासतील." त्यामुळे डोंबिवलीचा प्रणित नावाचा तिशीतला माणूस दर रविवारी येऊन अंगणातल्या जुन्या मॉरिस गाडीभोवती घुटमळू लागला, तेव्हा नाथाने पायरीवरच ठाण मांडलं.

गाडी विलायती, बुटकी आणि गोलमटोल. तरुणपणी नाथा एका कारखान्यातल्या इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर मासळी पोचवायचा. साहेब मायदेशी परतताना गाडी त्यालाच देऊन गेला. ताकात निळीचा थेंब पडावा तसा तिचा फिकट रंग होता. नवरात्रात ती टेंभी नाक्यावरून निघाली की माणसं देवीकडे पाठ करून तिच्याकडे बघत राहायची, असं नाथा सांगायचा. लग्नानंतर मंजुळाला घेऊन तो कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेला, तेही याच गाडीतून.

पण खाडीचा खारा वारा पत्रा खातो, आणि त्यावर नाथाला एकच औषध माहीत होतं. नारळी पुनवेआधी होडीला रंग द्यायचा आणि डब्यात उरेल तोच ब्रशने गाडीला फासायचा. होडी हिरवी तर गाडी हिरवी, होडी पिवळी तर गाडी पिवळी. जुना रंग खरवडायचा नाही, थरावर थर चढला की पत्रा टिकतो, अशी त्याची ठाम समजूत. पुढे होडी गेली तरी हा रिवाज राहिला. साहेबाची ती निळाई मात्र खाली कुठेतरी गाडली गेली. ती मरायच्या आत एकदा बघावी असं नाथाला फार वाटायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक फायदा घेतात.

नेमकी तीच गोष्ट प्रणितने काढली. "काका, हिचा ओरिजिनल कलर कुठला होता? आता रस्त्यावर बघा ना, सगळ्या गाड्या पांढऱ्या नाहीतर करड्या. त्या जुन्या छोट्या गाड्यांचे काय मस्त रंग असायचे. पिस्ता, क्रीम, आकाशी! एक छोटा चौकोन घासून बघू का?"

"आनि घासता घासता काय काय काडून नेशील?"

"काका, मी फक्त रंग बघायला आलेलो."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि नाथाचं तर या गाडीपायी तोंड चांगलंच पोळलं होतं. मंजुळाचा भाऊ शिवराम याचं कल्याणला गॅरेज. मुलं शाळेत असताना नाथाने गाडी इंजिन खोलायला त्याच्याकडे दिली. पिवळी गेली आणि पिवळीच परत आली. इंजिन छान गुणगुणत होतं, गाद्याही नव्या शिवलेल्या. पण चाकांवरच्या चकचकीत व्हीलकॅप साहेबाच्या वेळच्या नव्हत्या. "माज्या कॅप इकून खाल्ल्यास!" नाथा भर अंगणात ओरडला. शिवराम मान खाली घालून निघून गेला. त्यानंतर त्याने या उंबऱ्यात पाऊल टाकलं नाही, आणि नाथाने मंजुळालाही माहेरी पाठवलं नाही. भाऊ जिवंत असून मंजुळा भाऊबीजेला चंद्राला ओवाळू लागली.

शेवटी निळाईच्या ओढीने नाथा तयार झाला, पण अटी घालून. प्रणितची पिशवी उलटी करून झाडली, खिसे चाचपले. मग खुर्ची ओढून तो गाडीला गुडघे टेकतील इतक्या जवळ बसला.

पॉलिश पेपर दाराच्या खालच्या अंगाला फिरू लागला. वरचा हिरवा गेला, खालून लाल निघाला, मग समुद्री निळा, मग पुन्हा हिरवा, असे एकाखाली एक कितीतरी थर. प्रत्येक रंगाबरोबर नाथाला ते ते साल आठवत होतं. मग पिवळा लागला. "ह्यो कल्यानला गेली तवाचा," नाथा म्हणाला. "याखाली आदूगरचा तांबडा येल, मंग पांडरा, आनि मंग..." तो खुर्चीच्या टोकावर सरकला.

पिवळ्याखाली तांबडा आला नाही, पांढराही नाही. पिकल्या करवंदाचा गर्द रंग निघाला आणि त्याखाली थेट पत्रा लागला.

"कलर बदललास!" नाथा ताडकन उठला. "गाडी बदललीस माजी!"

"काका, गाडी काय खिशात घालून नेतात?"

आवाज ऐकून मंजुळा बोंबील साफ करायचे सोडून तशाच ओल्या हातांनी बाहेर आली. तिने तो करवंदी चौकोन बघितला आणि पायरीवर बसली.

"शिवरामनं बदलली," ती म्हणाली. "शीळ रस्त्याला चाचनी घेताना ट्रकवर आदळली. तुमच्या गाडीचा चेंदामेंदा झाला. त्यानं भिवंडीवरनं दुसरी हुडकून आनली, तुमची नंबराची पाटी लावली, तुमच्यासारका ब्रशनं पिवला रंग लावला. कॅप तेवड्या गावल्या नायत."

"आनि तुना म्हाईत होतं?"

"त्यानं माज्याकडनं एकवीरेची आन घेतली. बोल्ला, गाडी गेली समजलं तर भावोजी खचतील. त्यापरीस मना चोर बोलूं देत."

नाथाने त्या करवंदी चौकोनावरून बोट फिरवलं. आयुष्यभर त्याने दमडीदमडीच्या गोष्टींवर डोळे वटारले, आणि अख्खी गाडी नाकाखालून बदलली तरी त्याला कळलं नाही. निळाई गेली याचं त्याला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त लाज वाटली. ज्याने जीव तोडून त्याचं मन राखलं, त्यालाच त्याने चारचौघांत चोर ठरवलं होतं. त्याने मंजुळाकडे बघायचं धाडस केलं नाही. "त्याचा नंबर लाव," एवढंच म्हणाला.

शिवरामने फोन उचलला. नाथाचा आवाज त्याने ओळखला. मग थकल्या स्वरात विचारलं, "भावोजी, आता काय हरवलं तुमचं?"

"तूच रं," नाथा म्हणाला, आणि त्याने फोन मंजुळाच्या हातात दिला.