शुक्रवारची डिस्क

माझे धाकटे दीर इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळायचे. मदतीला एक एआय एजंट होता, म्हणजे सांगितलेलं काम आपणहून करणारा प्रोग्रॅम. एकदा त्यांचे साहेब घरी येऊन भांडले, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

"तो एआय एजंट प्रत्येक कमांडला तुमची परवानगी मागत बसतो. देऊन टाका ना त्याला सगळे अधिकार!"

"साहेब, आमच्या वहिनी त्यांना विचारल्याशिवाय मला फ्रिज उघडू देत नाहीत. आणि मी ह्याला अख्खं इस्पितळ उघडून देऊ?"

शेवटी साहेबांचंच चाललं.

इस्पितळाबाहेरही एक प्रत असावी म्हणून भाऊजी दर शुक्रवारी सकाळी माझ्या कपाटातली डिस्क नेत आणि रुग्णांच्या नोंदींची प्रत भरून संध्याकाळी परत आणत. कुणाला कुठलं औषध सोसत नाही, तेसुद्धा त्यात असायचं. परवाच्या शुक्रवारी ती तिथल्या कॉम्प्युटरला जोडलेली असतानाच साहेबांनी एजंटला जागा मोकळी करायला सांगितलं. त्यानं वीस वर्षांच्या नोंदी पुसल्या, डिस्कवरच्याही. आता विचारायचं कुणाला, अधिकार होतेच की! खापर मात्र भाऊजींवर फुटलं. सोमवारपासून येऊ नका म्हणाले.

त्या शुक्रवारी संध्याकाळी भाऊजी नेहमीच्या वेळेला आले. रुमालात गुंडाळलेली डिस्क पुढे करून म्हणाले, "वहिनी, ठेवा."

"काही उरलंय का हो हिच्यात?"

"नाही."

मी ती साड्यांखाली ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.