आतोबांच्या यंत्रातली घूं

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, सिनेमा थिएटरच्या साउंडच्या कामावर अडतीस वर्षं होते. पडद्यावर काय चाललंय ते त्यांनी क्वचितच पाहिलं. आवाज फाटला की नाही, एवढंच त्यांना कळायचं. अशा माणसाच्या बायकोचे कान जावेत, याला काय म्हणायचं? मी तरी देवाला चार शब्द सुनावले.

कानाचे डॉक्टर म्हणाले, नस निकामी होत चालली आहे, आता मशीन लावूनही उपयोग नाही. बारीक आवाज आधी जातात, जाडी घरघर शेवटी. आतोबांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन माळ्यावरची पेटी खाली काढली. थिएटर पाडलं तेव्हा भंगारातून उचललेले व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत पेटायच्या तसल्या काचेच्या नळ्या, तिच्यात होते. "कानात घालायच्या मशीनचा आवाज चिरका," ते मला म्हणाले. "व्हॉल्व्हचा भरदार. तो पोचेल." दोन महिन्यांत जेवणाच्या टेबलावर हेडफोनचा ॲम्प्लिफायर उभा राहिला. पत्र्याचा डबा, वर दोन काचेचे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्सफॉर्मर, एका वायरीला माइक आणि दुसरीला हेडफोन. मी गेले की ताट मांडीवर घेऊन जेवायचं.

रोज दुपारी आत्या हेडफोन घालून बसायची आणि आतोबा समोर बसून माइकमध्ये पेपर वाचायचे. त्यांचा आवाज मुळात बारीक. तरी ती हसायच्या जागी हसायची, पुढाऱ्यांच्या भाषणाला नाक मुरडायची. मशीन चाललं, असं आम्ही धरून चाललो. तिची तक्रार एकच होती. "मागे ती घूं येते हो."

झालं. साउंडवाल्याला घूं म्हणजे शिवी. थिएटरात अशा वेळी कपॅसिटर गेलेले असायचे, म्हणून यांनी आधी सगळे कपॅसिटर बदलले. घूं तशीच. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या वायरी वेणीसारख्या पिळून घेतल्या, ट्रान्सफॉर्मर आडवा करून बघितला. चार महिने तोच उद्योग. जित्याची खोड! शेवटी एका रविवारी माझ्यासमोरच आवाजाचं बटण शून्यावर नेलं, तर घूं गप्प. म्हणजे ती बटणाच्या अलीकडून, माइकच्या बाजूने येत होती. "हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं," आतोबा कपाळाला हात लावून म्हणाले. माइकच्या वायरीवरची जाळी दोन जागी पत्र्याला जोडली गेली होती आणि वीज त्या दोन जागांमधून गोल फिरत होती. त्यांनी एक सांधा सोडवला, बटण पुन्हा तीनवर आणलं आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा स्वच्छ येत होती.

आत्याने हेडफोन घातला. आतोबा डब्यावर वाकून स्क्रू लावत होते, माइक तोंडाशीच होता. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

आत्याने हेडफोन कानावर दाबून बघितला. मग म्हणाली, "बंद पडलं का हो?"

आतोबांचा हात थांबला. मग माइक हातात घेऊन ते तिच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि लग्नाआधीच्या लाडक्या नावाने त्यांनी तिला हाक मारली. दोनदा. आत्या त्यांच्या पाठीकडे बघत बसून राहिली.

ते वळले. "तुला काहीच ऐकू येत नव्हतं?"

"घूं येत होती की."

"आणि मी?"

"तुम्ही दिसत होतात ना समोर. ओठ दिसले की कळतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? डॉक्टरांकडून आलात ते अन्नावर वासना नसलेल्या माणसासारखे. पेटी काढलीत आणि दोन घास जायला लागले." मग हेडफोन न काढताच म्हणाली, "ती परत आणा. कानात काहीतरी असलेलं बरं. नुसतं रिकामं झालं की भीती वाटते मला."

जन्मभर ज्या माणसाने घूं घालवली, त्याने ती स्वतःच्या हाताने पुन्हा जोडली. सोल्डर लावताना तीनदा सांधा सुटला. मी मदत करू का म्हटलं, तर अंगावर आले. चौथ्यांदा जोडला तेव्हा आत्याने मान हलवली. "आली."

त्यानंतर मी दर रविवारी जाते आणि आधी ते बटण बघते, ही माझी वाईट सवय. तीनवरचं पाचवर गेलं, पाचवरचं आठवर.

परवा ते दहावर होतं. त्याच्या पुढे आकडा नाही. हेडफोनमधली घूं मला टेबलाच्या पलीकडे ऐकू येत होती. आत्याने जरा वाट बघितली आणि विचारलं, "चालू केलंत का?"

आतोबा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, ओठ नीट दिसतील असे.

"करतोय," ते म्हणाले. "थांब जरा."