एका डिस्कमध्ये न मावलेला सिनेमा

"कुंदाताई गेल्या," विलासचा फोन आला तेव्हा मी दादरच्या मंडईत फरसबी निवडत होते. मग म्हणाला, "पहाटे, झोपेतच... कोणाशी न भांडता गेल्या हो." मला तिथे भाजीवाल्यासमोर हसू फुटलं, आणि मग रडू. विलास लालबागच्या एका कामगार मंडळाचा सेक्रेटरी. कुंदा सर्वांत जास्त भांडली असेल ती त्याच्याशीच, आणि शेवटच्या दोन वर्षांत तिची औषधं आणून द्यायचा तोही हाच. कुंदा जाऊन दीड महिना झाला. कुंदाला आता 'शांत, सोज्ज्वळ' वगैरे म्हणायला लोकांनी सुरुवात केली आहे. शोकसभेतही तेच ऐकलं. म्हणून हे लिहायला घेतलं. कुंदा शांत नव्हती.

आम्ही दोघी भोईवाड्याच्या एकाच चाळीत वाढलो. मी लग्न होऊन दादरला आले. तिने लग्न केलं नाही. ती आणि तिचा धाकटा भाऊ बाळा, असं दोघांचंच घर. ती परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये होती, तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. बाळा गिरणीत, पण जीव सगळा नाटकात. तालमीवरून आला की गॅलरीतूनच संवाद म्हणत यायचा आणि ही आतून ओरडायची, "बाळग्या, आधी पाय धू!" गिरणगावावर एक छोटासा मराठी सिनेमा निघाला, त्यात बाळाला दोन मिनिटांचं काम मिळालं. गिरणीच्या गेटासमोर, धुरात उभं राहून सोबत्यांशी बोलायचं. मागची गर्दीही खऱ्या कामगारांचीच. सिनेमा आठवडाभर चालला आणि उतरला. काही वर्षांनी त्याची डीव्हीडी आली तेव्हा बाळा नव्हता. कुंदाने ती घेतली. घरात बाळाचे फोटो होते, पण त्याचा आवाज होता तो तेवढ्या डिस्कवर.

एका दुपारी ती डिस्क मध्येच अडकली. पुसली, परत लावली, परत अडकली. ती विकणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. कुंदा तेव्हा नुकती रिटायर झाली होती. तिने कॉम्प्युटर घेतला, दिसेल त्याला प्रश्न विचारून हैराण केलं आणि महिन्याभरात ती अख्खी डिस्क जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवली. त्या दिवशी तिने मला फोन करून एवढंच सांगितलं, "आला गं घरी."

खरी लढाई पुढेच होती. मंडळाच्या वर्धापनदिनाला विलासला हा सिनेमा दाखवायचा होता आणि जुन्या कामगारांना एकेक प्रत द्यायची होती. पण बाजारात मिळणाऱ्या साध्या कोऱ्या डिस्कमध्ये मूळ सिनेमा निम्माच मावायचा. म्हणजे सिनेमा दाबून लहान करायचा. तिच्या त्या कॉम्प्युटरला त्यासाठी अख्खा दिवस लागायचा आणि चित्र बिघडलं की नाही ते शेवटीच कळायचं. म्हणून आधी अंदाज घ्यायची एक सोय होती. प्रोग्राम सिनेमातले इकडचे-तिकडचे तुकडे उचलून तेवढेच दाबून बघायचा, मुळाशी ताडून पाहायचा आणि चित्र किती टिकेल त्याचा आकडा द्यायचा. "शितावरून भाताची परीक्षा," कुंदा म्हणाली. विलास आणि मी तिच्या मागे खुर्च्या टाकून बसलो होतो. आकडा आला शंभरात ऐंशीच्या वर.

"झालं तर मग!" विलास उठलाच. "करा सुरू."

"बस खाली. शितं कुठली उचललीत ते बघू दे मला."

तुकडे होते ते घरातले, अंगणातले, लख्ख उन्हातले. गेटासमोरच्या धुराचा त्यांत एकही नव्हता. कुंदाने मग तेवढीच दोन मिनिटं वेगळी काढून दाबून बघितली. मी चष्मा पुसून परत घातला, तरी तेच दिसत होतं. धुराच्या जागी करड्या फरश्या. बाळाचं तोंड हलत होतं, पण डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन... आणि त्याच्या मागची माणसं म्हणजे चिखल.

"ताई, अडीच तासांत दोन मिनिटं," विलास समजुतीने म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळणार आहे."

"पण सरासरी चांगली आहे ना!"

कुंदा खुर्चीसकट वळली. "सरासरीवर मी रिपोर्ट दिले असते ना विलास, तर अर्धं परळ वर गेलं असतं. दोन डिस्क करू. न दाबता, अर्धा-अर्धा."

"दोन डिस्क कोण लावत बसेल, ताई? म्हातारी माणसं."

"सिनेमाला मध्यंतर असतो ना? तेव्हा चहाला उठतील, तशी डिस्क बदलतील. गिरणीत आयुष्य काढलेली माणसं ती, एक डिस्क बदलायला काय धाड भरलीय?"

कमिटीचे लोक येऊन गेले. एकजण म्हणाला, बाईंचा भाऊ आहे म्हणून एवढं. कुंदा म्हणाली, "हो, म्हणूनच." दुसऱ्याने सुचवलं, हार्ड डिस्क द्या, आम्ही बाहेरून करून घेतो. ती म्हणाली, "घरातला माणूस मी बाहेर पाठवत नाही." कार्यक्रम रद्द करायची भाषा झाली. मीसुद्धा तिला म्हटलं, "कुंदे, सोड ना, लोकांसाठी करतेयस तर लोकांचं ऐक." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शेवटी वर्धापनदिन तोंडावर आला आणि विलासने मुकाट्याने दुप्पट कोऱ्या डिस्क आणून दिल्या.

मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. मध्यंतरात चहा झाला, विलासने दुसरी डिस्क लावली, थोड्या वेळाने गेटाचा प्रसंग आला. बाळा बोलायला लागला. कुंदा माझ्या शेजारी, पाठ ताठ, हात मांडीवर. आणि अचानक बायकांच्या रांगेतून एक काकू उभ्या राहिल्या. "अगो बाय, ते आमचे! त्याच्या मागे, टोपी घातलेले... आमचेच ते!" त्यांचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि शूटिंगच्या गर्दीत ते उभे होते हे घरात कोणाला माहीतच नव्हतं. "परत लाव रे," काकू म्हणाल्या. विलासने मागे घेतलं. मग दुसऱ्या कोणाला काका दिसला, कोणाला शेजारी दिसला. ती दोन मिनिटं विलासने पाच वेळा लावली. कुंदा त्याला काहीच बोलली नाही. एवढी शांत मी तिला त्या एकदाच पाहिली.

आजार निघाला तेव्हा डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी सोबत होते. ते बिचारे हळू आवाजात म्हणाले, "साधारणपणे अशा पेशंटना आठ-दहा महिने..." कुंदाने त्यांना थांबवलं. "साधारण पेशंट बाहेर बसलेत डॉक्टर. माझं बोला." ती दोन वर्षांहून जास्त जगली. केस गेले, चव गेली, पण चाळीतल्यांची लग्नाची नि बारशाची कॅसेट-डिस्क कोणी आणून दिली की आधी तुकडा तपासायची आणि तोंडावर सांगायची, "हे दाबून चांगलं येणार नाही. मोठी जागा आण, नाहीतर राहू दे." लोक म्हणायचे, चालेल हो ताई. ती म्हणायची, "मला नाही चालत."

तेराव्यानंतर तिची खोली आवरायला गेले. तिचा लांबचा भाचा आला होता, मुलगा चांगला आहे, पण घाईत होता. कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, हे भंगारात देऊया ना? आतलं सगळं पेनड्राइव्हवर घेतलंय मी. जसंच्या तसं मावलं, दाबावं लागलं नाही."

"छान केलंस," म्हटलं, "पण भंगारात नाही."

विलासने कॉम्प्युटरचा तो डबा खाली उतरवला, टॅक्सीत माझ्या मांडीवर ठेवला. घरी मुलाने दारातच विचारलं, "आई, हा कुठे ठेवणार?" आमचं घर दोन खोल्यांचं. मी म्हटलं, "जेवायच्या टेबलावर." सुनेने माझ्याकडे बघितलं. मी ताटं एका बाजूला सरकवली.

तिथेच आहे तो. आम्ही चौघं टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागात जेवतो. रविवारी सकाळी मी तो चालू करते, बाळाचा सिनेमा लावते. उघडायला बराच वेळ घेतो, पंखा घरघरतो, नात कंटाळून म्हणते, "आजी, मोबाइलवर बघू ना पटकन." मी तिला खुर्ची ओढून देते आणि सांगते, बस, येतायत ती माणसं.