चूर्ण मागायला गेलो आणि काउंटरवर ती!

भावांनो, पोट साफ होईना म्हणून आज मंगळवार पेठेतल्या मेडिकलात गेलतो. काउंटरवर तीच, हुपरीच्या बसनं येणारी! मी कॉलेज सोडलं, पण तिला बघायला रोज सकाळी स्टॉपवर मी हजर!

मान खाली घालून म्हटलं, "चूर्ण द्या."

"सकाळी खाता काय?"

"मिसळ-ब्रेड. वर दोन चहा."

"पाणी, पालेभाजी?"

रांगेतलं मागचं पावणं फिदीफिदी हसलं, त्याच्यावर डाफरलो.

"आणि लागली की लगेच जाता ना?"

"न्हाय! तोवर तुमची बस येऊन जाती की!" बोलून बसलो.

ती लाजली. "सकाळी दाबून धरून स्टॉपवर उभं राहू नका. पाणी पिऊन निवांत जाऊन या. माझी परतीची बस संध्याकाळी सहाला असते."

आजपासून ताक, पालेभाजी चालू! उद्या सहाला कुठला शर्ट घालू, सांगा की!