मोरीवरचा विसावा

रूळ काढून नेलेल्या जुन्या रेल्वेमार्गाची आता पायवाट झाली आहे. पौषातल्या एका सकाळी नव्या मार्गावरच्या पॅसेंजरमधून उतरून मी तिथे एकटाच चालत होतो. पुढे ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर एक वयस्कर गृहस्थ उन्हात पाय पसरून बसले होते. मागून त्यांची बायको धापा टाकत पोचली, तसे ते उठले.

"चल, आलीस ना?"

"अहो, तुमचं बसून झालं, माझं कुठं? मी काय डबा आहे, इंजिन हललं की हलायला?" असं म्हणून ती बसलीच. तेही हसून परत टेकले.

मला पुढे जाववेना. माझी बायको सुमन मागे राहिली, की मीही असाच वाटेत थांबायचो आणि ती पोचली की लगेच उठायचो. म्हणजे विसावा दर वेळी माझाच झाला. तिने कधी सुनावलं नाही. एका हिवाळ्यात फक्त म्हणाली, "तुम्ही या जाऊन."

ती वारल्यावरही मी सगळ्यांना सांगत आलो, की माझ्या बायकोला चालायची आवड नव्हती. ते खोटं आहे. तिला आवड होती. तिला फक्त माझ्या शेजारी बसून थोडा दम खायचा होता.